विमान पडलं, माणूस गेला. कागद कुठे शोधायचे?

लहान विमानाच्या अपघातात माणूस जातो, तेव्हा कागदांना दोन वाटा फुटतात. विमानाचे कागद दिल्लीला जातात. माणसाचे कागद विमान ज्या जिल्ह्यात पडलं तिथेच राहतात. शोध घेणारी बहुतेक घरं पहिल्याच वाटेवर अडकतात: डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या महासंचालनालयाला, एक पत्र, महिनोन्‌महिने वाट, मग "काही मिळत नाही हो" म्हणून विषय बंद. पण घरच्यांना खरं जे जाणून घ्यायचं असतं, म्हणजे तो नेमका कुठे सापडला, कोणी बाहेर काढलं, अंगावर काय होतं, घड्याळ कोणाच्या ताब्यात गेलं, ते दिल्लीच्या फायलीत क्वचितच असतं. ते तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, अकस्मात मृत्यूच्या नोंदवहीत असतं.

हा लेख फ्लाइंग क्लबची विमानं, प्रशिक्षणाची विमानं, फवारणीची विमानं आणि भाड्याची छोटी विमानं यांच्या अपघातांपुरता आहे. एअरलाइनच्या मोठ्या अपघाताची गोष्ट वेगळी, तिथे कागद शोधावे लागत नाहीत, उलट त्यांचा पूर येतो.

आधी घर धुंडाळा

अर्जाला हात लावण्याआधी कपाट उघडा. सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे वैमानिकाचं लॉगबुक. त्यात प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचं चिन्ह, सोबत कोण होतं आणि किती वेळ उडलं हे रकान्यांत लिहिलेलं असतं. शेवटचं पान आधी बघा, पण एक लक्षात ठेवा: शेवटची ओळ साधारणपणे शेवटच्या उड्डाणाच्या आधीच्या उड्डाणाची असते. परत आल्यावर नोंद करायची ही पद्धत, आणि त्या दिवशी परत येणं झालं नाही. तरी त्या ओळीवरून तो त्या आठवड्यात कोणतं विमान उडवत होता हे कळतं. चिन्ह पुष्कळदा अर्धंच लिहिलेलं असतं. भारतात नोंदलेल्या विमानाचं चिन्ह व्हीटी आणि पुढे तीन अक्षरं असं असतं. लॉगबुकात वैमानिक नुसती शेवटची तीन अक्षरं टाकतो.

लॉगबुक नसेल तर विद्यार्थी वैमानिकाचा परवाना, क्लबच्या फीच्या पावत्या, सांत्वनाची पत्रं आणि तारा बघा. तारेवर पाठवणाऱ्या कार्यालयाचं नाव आणि वेळ असते. गाव कोणतं यावर घरात दोन मतं असतील तर ती तार निकाल लावते. फोटोंच्या मागची बाजू वाचा. विम्याचा दावा झाला असेल तर त्या पत्रव्यवहारात अपघाताचा अधिकृत क्रमांक किंवा अहवालाचा उल्लेख सापडू शकतो.

वडीलधाऱ्यांना विचारताना थेट तारीख विचारू नका. पाऊस होता का, परीक्षा चालू होत्या का, दिवाळीच्या आधी की नंतर, प्रेत घरी आणलं की तिथेच अग्नी दिला, आणायला कोण गेलं होतं, असं विचारा. "कोण गेलं होतं" हा प्रश्न सोडू नका. जो आणायला गेला त्यानेच पोलिसांच्या कागदावर सही केलेली असते आणि त्याचं नाव त्या फायलीत असतं. तो हयात असेल तर दुसरं काहीही करण्याआधी त्याच्याकडे जाऊन बसा.

शोध सुरू करताय हे घरात सांगूनच करा. पुढे शवविच्छेदनाचा अहवाल हातात येणार आहे. तो कोण वाचणार आणि आईसमोर, आत्यासमोर कोणता भाग वाचायचा नाही, हे आधी ठरलेलं बरं.

तारीख, जागा, चिन्ह

या तीन गोष्टी हातात आल्या की अर्धं काम झालं. यांतली दोन असतील तर तिसरी काढता येते.

अपघातांच्या दोन आंतरराष्ट्रीय याद्या इंटरनेटवर मोफत आहेत. एव्हिएशन सेफ्टी नेटवर्कच्या विकीबेसमध्ये अगदी दोन आसनी विमानांच्याही नोंदी असतात, पण त्या वाचकांनी भरलेल्या असतात. तेव्हा माग काढायला चांगल्या, पुरावा म्हणून कच्च्या. जिनिव्हाच्या ब्युरो ऑफ एअरक्राफ्ट अॅक्सिडेंट्स आर्काइव्ह्जमध्ये किमान सहा माणसं नेऊ शकणारी विमानंच असतात, त्यामुळे प्रशिक्षणाचं सेसना १५२ किंवा जुनं पुष्पक तिथे मिळणार नाही. चार्टरचं किंग एअर मिळेल. विमानाचा इतिहास हवा असेल तर ब्रिटनमधल्या एअर-ब्रिटन या अभ्यासकांच्या संस्थेने व्हीटी नोंदवहीचा इतिहास जमवला आहे. कोणतं विमान कधी नोंदलं, कोणाच्या मालकीचं होतं, नोंद केव्हा आणि कशामुळे रद्द झाली, हे त्यात असतं.

चिन्हासोबत कारखान्याचा अनुक्रमांकही टिपून ठेवा. विमान दुसऱ्या देशात विकलं की चिन्ह बदलतं, अनुक्रमांक मरेपर्यंत तोच. मालक बदलला तरी चिन्ह जुन्या मालकाची खूण वागवत राहतं, हेही ध्यानात असू द्या. २८ जून २०१८ ला घाटकोपरला बांधकाम चालू असलेल्या इमारतीजवळ पडलेलं किंग एअर व्हीटी-यूपीझेड पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचं होतं. एका अपघातात त्याचं नुकसान झालं, मग ते विकलं गेलं आणि दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी जुहूहून उडालं. विमानातले चार आणि रस्त्यावरचा एक असे पाच जण गेले. अशा विमानाची गोष्ट अपघाताच्या दिवशी सुरू होत नाही, ती कित्येक वर्षं मागे जाते, आणि ती चिन्हावरूनच सापडते.

वेळेचा एक घोळ आधीच मिटवून टाका. अधिकृत अहवालात वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, असते. भारतीय वेळ काढायला साडेपाच तास मिळवा. १ सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात मात्र भारतातली घड्याळं आणखी एक तास पुढे होती. आणि मुंबईत कितीतरी वर्षं 'बॉम्बे टाइम' चालायचा, तो प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे. जुन्या बातमीत आणि जुन्या अहवालात पाऊण तासाचा फरक दिसला, तर लगेच कोणाला खोटं ठरवू नका.

जिल्हा कोणता, हे पक्कं करा

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. विमान जिथून उडालं तो जिल्हा आणि जिथे पडलं तो जिल्हा पुष्कळदा वेगळा असतो, आणि कागद पडलं तिथले.

१६ जुलै २०२१ ला शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचं टेकनाम विमान चोपडा तालुक्यात पडलं, प्रशिक्षक गेले, शिकाऊ वैमानिक जखमी झाली. शिरपूर धुळे जिल्ह्यात, चोपडा जळगाव जिल्ह्यात. धुळ्याच्या पोलीस अधीक्षकांकडे अर्ज केला तर तो तिथून फिरतच राहणार. गोंदियाचं तर राज्यच बदलतं. १८ मार्च २०२३ ला गोंदियाच्या बिर्सी धावपट्टीवरून उडालेलं प्रशिक्षण विमान मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या जंगलात कोसळलं, दोघंही गेले. म्हणजे पोलिसांचे कागद बालाघाटला, हिंदीत, आणि मृत्यूचा दाखलाही तिकडचाच. कारण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदतात, माणूस राहतो तिथे नाही. मध्य प्रदेशात अर्ज करताना 'अकस्मात मृत्यू' शब्द चालून जातो, पण तिथल्या पोलीस ठाण्याच्या तोंडी 'मर्ग' आहे: मर्ग क्रमांक, मर्ग डायरी. अर्जात 'मर्ग' लिहिलंत तर कारकून लगेच समजतो.

जुना अपघात असेल तर त्या वेळी राज्य कोणतं होतं हेही बघावं लागतं. १९५६ पूर्वी विदर्भ आधी मध्य प्रांत-वऱ्हाड आणि मग मध्य प्रदेशात होता, मराठवाडा हैदराबाद राज्यात. कोल्हापूर १९४९ पर्यंत संस्थान. १९६१ पूर्वी गोव्यात पडलेल्या विमानाचे कागद पोर्तुगिजांचे, पोर्तुगीज भाषेत. ते दिल्लीत शोधण्यात अर्थ नाही.

दिल्लीची वाट: अहवाल मिळवणं आणि वाचणं

३० जुलै २०१२ ला नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली एअरक्राफ्ट अॅक्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन ब्युरो, म्हणजे एएआयबी, सुरू झालं. त्याआधी तपास डीजीसीएचं हवाई सुरक्षा संचालनालय करायचं, १९३७ च्या विमान नियमांप्रमाणे. त्या नियमांतले तीन आकडे लक्षात ठेवा, जुन्या पत्रव्यवहारात ते सारखे येतात. नियम ७१ म्हणजे एका अपघात निरीक्षकाने केलेली चौकशी. फ्लाइंग क्लबच्या बहुतेक अपघातांची हीच. नियम ७४ म्हणजे समिती. नियम ७५ म्हणजे औपचारिक न्यायालयीन चौकशी, जिचा आदेश सरकार काढतं आणि जो राजपत्रात शोधता येतो. घरातल्या एखाद्या पत्रावर "नियम ७१ अन्वये" असं दिसलं, तर समजा की फाईल एका अधिकाऱ्याची आणि पातळ आहे.

२०१२ नंतरच्या अपघातासाठी एएआयबीच्या संकेतस्थळावरचे अंतिम अहवाल चाळा, आणि तिथे नसेल तर डीजीसीएच्या. दोन्हीकडे बघा असं का म्हणतो? एएआयबीच्या नियमांत २२५० किलो वजनाची एक रेषा आखलेली आहे; त्याहून हलक्या विमानाचा तपास डीजीसीएकडेही जाऊ शकतो. सेसना १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. लहान विमानाचा तपास कोणाकडे गेला हे त्यामुळे गृहीत धरता येत नाही. माणसाच्या नावाने शोधू नका. अशा अहवालांत वैमानिकाचं नाव सहसा छापत नाहीत, "वैमानिक, वय अमुक, परवाना तमुक" एवढंच असतं. चिन्हाने शोधा.

अहवाल कधी येतो? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या परिशिष्ट १३ प्रमाणे प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत यावा अशी अपेक्षा आहे. उशीर झाला तर दर वर्षदिनी एक अंतरिम निवेदन काढायचं असतं. म्हणजे वर्ष उलटून गेलं आणि काहीच नाही, तर निदान त्या निवेदनाबद्दल विचारण्याचा तुमचा अधिकार पक्का आहे.

आता वाचन. परिशिष्ट १३ ने अहवालाचा साचा ठरवून दिला आहे, त्यामुळे अहवाल कुठल्याही देशाचा असो, क्रमांक तेच. १.१ मध्ये उड्डाणाची हकीकत. १.५ मध्ये वैमानिकाचे तास, परवाना, वैद्यकीय तपासणी. १.६ विमानाची तब्येत, १.७ हवामान. १.१२ मध्ये अवशेषांचं वर्णन. १.१३ मध्ये वैद्यकीय आणि शवविच्छेदनाची माहिती, १.१५ मध्ये वाचण्याची शक्यता किती होती. घरच्यांनी १.१३ आणि १.१५ शेवटी वाचावेत, आणि एकट्याने वाचू नयेत. पण वाचावेत. "त्याला त्रास झाला का" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक तिथेच असतं, आणि पुष्कळदा ते घरातल्या कल्पनेपेक्षा सौम्य निघतं.

१.१२ जरा बारकाईने बघा. तिथे कोरड्या भाषेत बरंच सांगितलेलं असतं. पंख्याची पाती इंग्रजी एससारखी वळलेली, त्यांवर आडवे ओरखडे, असं लिहिलं असेल तर जमिनीवर आदळताना इंजिन ताकद देत होतं. पाती नुसतीच मागे वाकलेली, पीळ नाही, ओरखडे नाहीत, तर इंजिन बहुधा बंद किंवा मंद. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पट्टी) किती अंशांवर, इंधनाचा कॉक कुठे, मॅग्नेटोचा (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचा) स्विच कशावर, विमान नाकावर पडलं की सपाट, अवशेष एका जागी की लांबवर विखुरलेले: निष्कर्षाच्या परिच्छेदात 'वैमानिकाची चूक' असं लिहिलेलं असलं तरी या ओळी तुमच्या तुम्ही वाचा. निष्कर्ष पटतो की नाही, हे ठरवायला सामान त्यातच आहे. अशा तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं एवढाच असतो, दोष किंवा जबाबदारी ठरवणं नाही. परिशिष्ट १३ तसं स्पष्ट म्हणतं. नुकसानभरपाईचा किंवा फौजदारी विषय असेल तर तो अहवालावर सोडू नका, वकील गाठा, आणि लवकर गाठा, कारण दाव्यांना मुदत असते.

माहितीचा अधिकार वापरताना

अहवाल छापील मिळाला तरी त्यामागची फाईल वेगळीच असते. ती मागायला २००५ चा माहितीचा अधिकार कायदा. केंद्राच्या कार्यालयांसाठी आरटीआय ऑनलाइनवर अर्ज करता येतो, शुल्क १० रुपये, प्रती पानाला २ रुपये, उत्तर ३० दिवसांत. राज्याच्या कार्यालयांना महाराष्ट्राचा नमुना वापरा; इथे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून लांबलचक कैफियत लिहू नका.

दिल्लीकडे मागायच्या गोष्टी: विमानाची नोंदणी फाईल, उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राची शेवटची प्रत, निरीक्षकाच्या नेमणुकीचा आदेश, अंतिम अहवाल जोडपत्रांसह, आणि फाईलचा क्रमांक. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण फाईल क्रमांक हातात आला की पुढच्या अर्जाला टोलवाटोलवी करता येत नाही. फाईल सापडली असं कळलं तर प्रती मागण्याऐवजी अवलोकन मागा. पहिला तास मोफत असतो, पुढे तासाला ५ रुपये. कोणतं पान हवं हे समोर बसून ठरवता येतं, आणि ज्या पानाची तुम्हाला कल्पनाच नव्हती ते पान डोळ्यांसमोर येतं. साक्षीदारांचे जबाब आणि कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण मात्र देत नाहीत. परिशिष्ट १३ त्यांना संरक्षण देतं. त्यावर भांडण्यात ताकद घालवू नका.

जिल्ह्यातला अर्ज असा लिहिता येईल:

"दि. … रोजी मौजे …, ता. …, जि. … येथे व्हीटी-… हे विमान कोसळून … यांचा मृत्यू झाला. त्याबाबत पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: १) अकस्मात मृत्यू नोंद, क्रमांकासह, २) घटनास्थळ पंचनामा, ३) मरणोत्तर पंचनामा, ४) शवविच्छेदन अहवाल, ५) मृताच्या अंगावरील वस्तूंचा पंचनामा व ताबा पावती, ६) अंतिम अहवाल ज्या दंडाधिकाऱ्यांकडे पाठवला, त्याचा जावक क्रमांक व दिनांक. अभिलेख नष्ट केले असल्यास नष्टीकरण नोंदवहीतील संबंधित पानाची प्रत द्यावी. मी मृताचा … असून नात्याचा पुरावा जोडला आहे."

यात "का" आणि "कसं" नाही, ते मुद्दाम. माहिती अधिकारी फक्त असलेला कागद देऊ शकतो, तो मत देत नाही. शेवटचं नष्टीकरणाचं वाक्य तर कधीच गाळू नका. "जुने रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं सांगणं सोपं असतं. नष्टीकरणाची नोंद दाखवा म्हटलं की कोणीतरी उठून रेकॉर्ड रूममध्ये जातं. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत कागदांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी असते. अ वर्गातले कायम जपतात, ब वर्गातले ३० वर्षं. तुमची फाईल कोणत्या वर्गात होती हेही विचारता येतं.

नकार आला तर बहुधा कलम ८(१)(जे), वैयक्तिक माहिती, या नावाखाली येईल, आणि नव्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलम आणखी कडक केलं आहे. जुन्या अपघातासाठी तुमच्या हातात त्याहून भक्कम कलम आहे: ८(३). घटनेला २० वर्षं होऊन गेली असतील तर कलम ८ मधली बहुतेक कारणं पुढे करता येत नाहीत, वैयक्तिक माहितीचंही नाही. राहतात ती देशाची सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. फ्लाइंग क्लबच्या विमानाचा यांतल्या कशाशीही संबंध नसतो. पहिलं अपील नकारानंतर ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर कलम ६(३) प्रमाणे तो त्यांनीच पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो, हेही अर्जात एका ओळीत लिहून ठेवा.

जिल्ह्याची वाट

पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर शोधून हात हलवत परत येणारे पुष्कळ. कारण सरळ आहे: अशा मृत्यूत गुन्हा नोंदवतातच असं नाही. नोंद होते ती अकस्मात मृत्यूची, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. ती ऑनलाइन नसते. ठाण्यात जाऊन वर्षाच्या नोंदवहीत बघावी लागते. तारीख पक्की असेल तर हवालदार पाच मिनिटांत काढून देतो, नसेल तर पूर्ण वर्ष चाळावं लागतं, आणि ते तुमच्यासाठी कोणी करत नाही. ठाण्याची हद्दही बदललेली असते. आज त्या गावाला स्वतंत्र ठाणं असलं तरी १९७५ साली ते शेजारच्या मोठ्या ठाण्यात असू शकतं.

चौकशी संपली की फाईल ठाण्यात राहत नाही, ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जाते. म्हणून ठाण्याने हात झटकले तर प्रांत कार्यालयाच्या अभिलेख कक्षात तोच क्रमांक विचारा. शवविच्छेदनाची एक प्रत ज्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात ते झालं तिथल्या वैद्यकीय-विधी नोंदीत असते.

घटनास्थळ पंचनामा मिळाला तर दिल्लीच्या अहवालापेक्षा तो जास्त बोलतो. गट नंबर, शेताच्या मालकाचं नाव, उभं पीक काय होतं, बांधापासून किती पावलांवर पंख, किती पावलांवर शेपूट, आणि दोन पंचांच्या सह्या किंवा अंगठे. गट नंबरावरून सातबारा निघतो, सातबाऱ्यावरून आजचा मालक. अशा गावात जाल तेव्हा सरपंचाला आधी फोन करा. विमान पडलेली जागा गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते, आणि पंचांपैकी एखादा हयात असतो. तो सांगेल ते लगेच लिहून घ्या, पण पंचनाम्याशी ताडून बघा. चाळीस वर्षांत गावात विमान बरंच मोठं झालेलं असतं.

वर्तमानपत्रं आणि संसद

बातमी दुसऱ्या दिवशीच्या अंकात बघून थांबू नका. तालुक्याच्या वार्ताहराचं पाकीट किंवा फोन उशिरा पोचायचा. तिसऱ्या, चौथ्या दिवशी आतल्या पानावर मोठी बातमी सापडते, आणि त्यात माणसांची नावं असतात. मुंबईच्या अंकांसोबत त्या भागाचं वर्तमानपत्र बघा: विदर्भासाठी तरुण भारत आणि इंग्रजी हितवाद, पुण्याकडे केसरी आणि सकाळ. मोठ्या ग्रंथालयांत टाइम्स ऑफ इंडियाचं डिजिटल संग्रहालय शब्दाने शोधता येतं. शोधताना आडनावाची तीन-चार इंग्रजी रूपं वापरून बघा, कुलकर्णींची तर डझनभर होतात. विमानाच्या प्रकारावर बातमीत विश्वास ठेवू नका. पुष्पकला चिपमंक (हेही प्रशिक्षणाचंच छोटं विमान) आणि चिपमंकला 'बॉम्बर' लिहिलेलं सापडतं.

लोकसभा आणि राज्यसभेतले जुने प्रश्न ही फारशी कोणी न हाताळलेली जागा. फ्लाइंग क्लबच्या अपघातांवर खासदार प्रश्न विचारायचे, आणि मंत्र्यांच्या उत्तराला पुष्कळदा जोडपत्र असायचं: तारीख, क्लब, विमान, मृत, चौकशीचं कारण, सगळं एका तक्त्यात. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात अपघातानंतरची दोन-तीन अधिवेशनं चाळा. ज्या अपघाताचा अहवाल हरवला, त्याचं अधिकृत कारण एका ओळीत का होईना, इथे सापडू शकतं.

फार जुना, लष्करी किंवा परदेशातला अपघात

बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा, जुहूचा. त्या काळातले अपघात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, उद्योग आणि श्रम खात्याच्या कागदांत मिळू शकतात, कारण नागरी विमान वाहतूक तेव्हा त्या खात्याकडे होती. 'अभिलेख पटल' या त्यांच्या पोर्टलवर घरबसल्या सूची शोधता येते. मुंबई इलाख्याचे कागद काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. त्यांची कार्यालयं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहेत.

हवाई दलाचा वैमानिक असेल तर चौकशीचे कागद जाहीर होत नाहीत. भारत-रक्षक या अभ्यासकांच्या संकेतस्थळावर अपघातांची आणि अधिकाऱ्यांची यादी आहे, तिथून सेवा क्रमांक आणि स्क्वाड्रन काढून मग हवाई दल मुख्यालयाला लिहा. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांची नोंद राष्ट्रकुल युद्ध स्मृती आयोगाकडे नावाने सापडते. ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत सेवेत असताना झालेले मृत्यू त्यात धरले आहेत.

अमेरिकेत शिकायला गेलेला भाचा, पुतण्या प्रशिक्षणात गेला असेल तर काम तुलनेने सोपं. तिथल्या विमानाचं चिन्ह एन अक्षराने सुरू होतं. एनटीएसबी या तिथल्या अपघात तपासणाऱ्या संस्थेच्या कॅरोल या शोधपानावर १९६२ पासूनचे नागरी अपघात आहेत, आणि अलीकडच्या प्रत्येक अपघाताचा 'डॉकेट' मोफत उतरवून घेता येतो: छायाचित्रं, इंजिनाची तपासणी, जबाबांचे सारांश, नियंत्रण कक्षाशी झालेलं बोलणं. भारतात अर्ज-अपील करून जे मिळत नाही, ते तिथे आपोआप समोर असतं. विमानाची मालकी आणि दुरुस्तीचा सगळा इतिहास एफएए या तिथल्या विमान वाहतूक खात्याकडून थोड्या शुल्कात मागवता येतो. शवविच्छेदनाचा अहवाल मात्र तिथेही काउंटीच्या कॉरोनरकडे किंवा वैद्यकीय परीक्षकाकडे असतो, आणि तो मागायला नात्याचा पुरावा लागू शकतो. त्यासाठी इथला जन्मदाखला, तोही इंग्रजी भाषांतर आणि नोटरीसह, आधीच तयार ठेवा; मराठी दाखला जोडून पाठवलेला अर्ज तसाच परत येऊ शकतो.